बावीस दारं, एक बोट

लोक आपल्या पोरांचा मुका घेतात, मी वास घेते. सकाळी उठल्या उठल्या एकदा, दुपारी एकदा आणि झोपवताना मानेत नाक खुपसून एकदा. कुचिंग शहरात आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात, "लुलोंग, किती गं माया तुझी!" माया कसली डोंबलाची! मी पहारा देत असते.

माझ्या दोन्ही लेकरांना, सहा वर्षांच्या मिंदूला आणि साडेतीन वर्षांच्या जालिनला, जन्मापासून एक आजार आहे. मांस, मासे, अंडी, दूध, डाळी असलं काही पोटात गेलं की त्यातला थोडा भाग त्यांच्या अंगात जिरतच नाही. तो रक्तात साचतो आणि मेंदूला जाऊन भिडतो. साचायला लागला की घामाला, लघवीला जळक्या साखरेचा वास येतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थंड देशात एका झाडाचा गोड पाक काढतात, त्यावरून आजाराचं नाव पडलंय. म्हटलं, बाई, ते झाड आमच्याकडं नाही, तो पाक आम्ही बापजन्मात बघितला नाही, आणि आजार तेवढा बरोबर आमचा पत्ता शोधत आला! आमच्या नाकाला तो वास सरळ आपोंग गुळाचा येतो. खाडीकाठच्या माडापासून काढलेला काळसर गूळ तो. आमच्याकडं त्याच्याशिवाय गोडधोड होतच नाही. मिंदू पाच दिवसांची होती तेव्हा तिचं दुपटं हुंगून माझी सासू म्हणाली होती, "पोर गोड निघाली बघ, अगदी गुळासारखी." सातव्या दिवशी ती गोड पोर दूध ओढेना. आठव्या दिवशी लाकडासारखी ताठ झाली. देवाची कृपा म्हणून हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नाकानं ओळखलं.

तेव्हापासून आपोंग गूळ माझ्या घरात येत नाही. वजनकाटा आला. भात ग्रॅमवर, रताळं ग्रॅमवर, साबुदाणा तेवढा जरा हात सैल सोडून. बाकी सगळं पोषण एका पांढऱ्या औषधी भुकटीच्या दुधातून, दिवसातून पाच वेळा. त्या दुधाला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि चव त्याहून वाईट. पोरं मात्र नाक न मुरडता पितात, त्यांना दुसरं काय माहीतच नाही.

आता आम्हा इबान लोकांत एक गोष्ट पक्की आहे. कुणी "या, जेवा" म्हटलं आणि तुम्ही तसेच उठून चालू लागलात, तर पुनी लागते. वाटेत साप गाठेल, फांदी पडेल, होडी उलटेल, नाहीतर गाडी घसरेल. काहीतरी होणारच. खायचं नसेल तर निदान अन्नाला बोट लावून ओठाला टेकवायचं, मग सुटका. शिकलेसवरलेले हसतात, आणि हसता हसता बोट लावतातच. माझा नवरा जाराव लॉऱ्यांचा एवढा मोठा मेकॅनिक, पण कुणी कॉफी विचारली आणि घाई असली, तर कपाला बोट लावल्याशिवाय गाडीची किल्ली फिरवत नाही.

आणि माझ्या पोरांना तर जगात कुणाच्याच ताटातलं चालत नाही. म्हणजे बघा.

माझ्या सासूला आम्ही सगळे इनी म्हणतो. इनी म्हणजे आजी. मिंदू झाल्यापासून जारावही आईला इनीच म्हणतो. या इनीचं पहिल्यापासून एकच टुमणं होतं: "रोगबीग काही नाही. लुलोंग पोटुशी होती तेव्हा मी माझ्या हातानं आंबवलेलं डुकराचं मटण हिनं नाक मुरडून परत केलं. तीच पुनी पोरीला लागली."

मी म्हणायची, "इनी, डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलंय. अर्धा दोष माझ्याकडून आलाय, अर्धा तुमच्या लेकाकडून."

"माझ्या लेकात दोष? त्याला जन्मात कधी साधी सर्दी झाली नाही!"

आता या बाईपुढं कपाळ फोडायचं की भिंत?

चार वर्षांपूर्वीच्या गवाईला, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाला, आम्ही तिच्या लांबघरात, म्हणजे साऱ्या गावाची बिऱ्हाडं एकाच छपराखाली असतात त्या घरात, गेलो होतो. मिंदू दोन वर्षांची, जालिन माझ्या पोटात. दोन दिवस मी डोळ्यांत तेल घालून बसले होते, आणि इनी माझी पाठ वळली की पोरीला चोरून भरवत होती. अंडं, मासा, आणि निघायच्या सकाळी बांबूत शिजवलेल्या कोंबडीचे दोन घास. "एवढीशी पोर, एवढा लांबचा रस्ता. बोट लावून हिची पुनी टळेल होय?" असं तिनं नंतर मला तोंड वर करून सांगितलं. कुचिंगला पोचेपर्यंत मिंदूची मान लटकायला लागली होती आणि गाडीभर गुळाचा वास. नऊ दिवस हॉस्पिटलात. सातव्या दिवशी तिनं डोळे उघडून मला ओळखलं. ते सात दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

मी फोनवर इनीला सांगितलं, "तुम्ही माझी पोर मारायला निघाला होता. आजपासून तुमच्या घरचं पाणीसुद्धा माझ्या घशाखाली उतरायचं नाही, आणि पोरं तुमच्या उंबऱ्याला दिसायची नाहीत." फोन तिनं ठेवला नाही, मलाच ठेवावा लागला.

चार वर्षं अशी गेली. सणाला जाराव एकटा जायचा. रविवारी तो पोरांना घेऊन फोनच्या पडद्यावर आईशी बोलायचा, तेव्हा मी मुद्दाम मागच्या दारी कपडे आपटत बसायची. आतून खिदळणं ऐकू यायचं. काय चालायचं देव जाणे, मी कधी विचारलं नाही. माझाही ताठा काही कमी नाही.

यंदा मिंदूच शाळेतून आली. आईला आमच्यात इंदाय म्हणतात. म्हणाली, "इंदाय, आपलं लांबघर कुठं असतं गं? सगळ्यांनी आपापलं लांबघर काढलं. मी आपलं भाड्याचं घर काढलं, तर बाई म्हणाल्या, हे नव्हे." जारावनं माझ्याकडं बघितलं. मी वजनकाटा पुसत होते, पुसतच राहिले. मग म्हटलं, "जाऊ. पण एक रात्र. आणि पोरं माझ्या नजरेआड झाली तर तुझी आई आहे आणि मी आहे."

"इनी आता तशी राहिली नाही," तो म्हणाला.

"दुधानं तोंड पोळलंय रे माझं. मला ताक फुंकूनच पिऊ दे."

गवाईच्या सकाळी लांबघराशी उतरलो तेव्हा माझ्या टोपलीत पोरांचं सगळं होतं, आणि माझं स्वतःचंसुद्धा: भात, भाजी, पाण्याच्या बाटल्या. जिन्याशीच इनी उभी होती. चार वर्षांत वाळून अर्धी झालेली. हातात ताट, ताटात आपोंग गुळाचे तळलेले गरम पेन्यारम. काठ कुरकुरीत, मध्ये फुगलेले, मला लहानपणापासून जीव की प्राण. तिनं ते पोरांपुढं नाही, माझ्यापुढं धरलं.

"दमली असशील. घे."

"माझं पोट भरलंय."

"निदान बोट तरी लाव."

"नको."

ओसरीवरच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. बावीस दारांचं लांबघर ते, बावीस बिऱ्हाडांपुढून जाणारी एकच लांबलचक ओसरी, तिच्या या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाला कळतं. इनीनं ताट खाली घेतलं आणि जालिनकडं वळून नुसतं म्हणाली, "केवढा झाला गं हा."

आणि दुसरी पंचाईत तर मला आत शिरताक्षणीच कळली. सणाचा दिवस, बावीस चुलींवर बावीस कढया, प्रत्येक कढईत पेन्यारम. साऱ्या घराला गुळाचा वास! माझं नाक, माझं एकमेव हत्यार, तिथं ठार निकामी. जालिनला हुंगलं तरी गूळ, खांबाला हुंगलं तरी गूळ.

दुपारी पोरांना ओसरीवरच्या चटईवर जारावपाशी बसवून मागच्या स्वयंपाकघरात त्यांचं रताळं उकडून काट्यावर ठेवलं, तर काटा बंद. ठोकला, उलटा केला, सेल काढून चोळून घातले, ढिम्म. आणि बिनवजनाचं मी त्यांना काही देत नाही, साबुदाणासुद्धा नाही. जारावला म्हटलं, "पळ, दुकानातून सेल आण." तो गाडी घेऊन गेला. मग मी घरून मोजून आणलेल्या भुकटीचं त्यांचं दूध कालवलं, बाटल्यांना बुचं लावली आणि बाहेर ओसरीवर आले.

चटईवर पोरं नव्हती.

"मिंदूऽ! जालिऽन!" शेजारच्या दारातली म्हातारी पानाची पिंक टाकत म्हणाली, "इनीबरोबर गेली की. दारोदार पाहुणचाराला."

दारोदार! सणाला आमच्याकडं पाहुण्यानं प्रत्येक बिऱ्हाडात जायचं आणि प्रत्येक बिऱ्हाडानं पुढं ताट धरायचं. बावीस ताटं. डुक्कर, कोंबडी, मासे, अंड्याचा केक. दोन बाटल्या हातात धरून मी त्या ओसरीवरून अशी धावले की सणाच्या घंटा वाजवणारे थबकले. पहिलं दार, "मघाशीच गेली." सातवं दार, "येऊन गेली, गुणी पोरं गं तुझी." चौदावं दार, "आली होती की, सगळ्याला शिवली." शिवली म्हणजे काय, ते ऐकायला मी थांबलेच नाही.

बाविसाव्या दारासमोर इनी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून जालिन गाढ झोपलेला. मिंदू तिच्या खांद्याला रेललेली, डोळे अर्धे मिटलेले.

झोप! भर दुपारी, भर घंटांच्या आवाजात झोप! त्या वेळीही झोपेनंच सुरुवात झाली होती. मी गुडघ्यांवर पडले आणि जालिनच्या मानेत नाक घातलं. गूळ. घरभर होता तसा पुसट नव्हे, दाट, थेट कातडीतून यावा तसा. मिंदूच्या मानेत घातलं. तिथंही तोच.

"म्हातारे!" मी ओरडले. जन्मात कधी सासूला अशी हाक मारली नव्हती. "केलंस ना शेवटी! एकदा मारायला निघालीस तेवढ्यानं भागलं नाही? आता दोघांना? कुठंय तो जाराव, गाडी कुठंय, अरे कुणीतरी गाडी काढा रे!" बाविसाव्या दारातला लांतिंग, हातात इनीसाठी पेन्यारमचं ताट घेऊन नुकताच बाहेर येत होता, तो बिचारा ताट तिथंच ठेवून पिकअपच्या किल्ल्या शोधायला धावला. हॉस्पिटल तासाभरावर. मी जालिनला उचलून छातीशी धरलं आणि त्याला गदागदा हलवत राहिले. माझ्या तोंडून काय काय निघालं ते आता आठवलं तरी लाज वाटते.

इनी मला बोलू देत होती. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "झालं?"

"काय झालं?"

"ओरडून झालं? मग बस." तिनं माझा हात मनगटाला धरला. वाळली असली तरी पकड अजून भाताची रोपं उपटणारीची. माझं बोट तिनं जालिनच्या गळ्यावरून, हनुवटीखालून, खसकन ओढलं. बोट चिकट झालं. "आता चाट."

"काय?"

"चाट म्हणते ना. तुझ्या नाकावर तुझा एवढा भरवसा, जिभेवर नाही होय?"

मी बोट जिभेला लावलं. गोड. नुसता गोड वास नव्हे, गोड चव. आपोंग गूळ, थोडं तळणीचं तेल, आणि त्यात हळद.

मी पोराची मान उजेडाकडं वळवली. त्याच्या गळ्यावर बोटांचे ठसे होते. एकावर एक, तेलकट, पिवळे, काळसर, कुठं सोयाच्या रसाचा, कुठं केकच्या लोण्याचा. मिंदूच्या गळ्यावरही तसेच. एकमेकांत मिसळून पुसट झालेले.

"बोट लावतोय आम्ही," मिंदू डोळे चोळत म्हणाली. "बावीस दारं, इंदाय! मी सगळी मोजली. अन्नाला बोट लावायचं आणि मग गळ्याला लावायचं. तोंडाला नाही. तोंडाला लावलं तर खेळातनं बाद. इनीनं फोनवर शिकवलंय."

"फोनवर?"

"दर रविवारी. ती पडद्यासमोर केळं धरायची, मासा धरायची, आम्ही पडद्याला बोट लावायचो. जालिन आधी चाटायचा. आता नाही चाटत. पण पंधराव्या दारात रडला तो, केक पाहिजे म्हणून. मग इनीनं त्याला उचललं आणि बाहेर नेलं."

मी इनीकडं बघितलं. ती नजर चुकवत जालिनच्या चपलेचा पट्टा नीट करत होती.

"ओठाला लावतात सगळे," ती म्हणाली. "पण ओठाला लावलं असतं तर तू मला जिवंत जाळलं असतंस. म्हणून म्हटलं, घास उतरतो तो गळा, तिथं लावलं की पावलं. पुनीला काय कळतंय, घास गळ्याच्या आतून गेला का बाहेरून?"

लांतिंग किल्ल्या घेऊन परत आला होता. तो म्हणाला, "मिंदूची आई, ही बाई गेल्या आठवड्यात दारोदार फिरलीय. माझ्या नातवंडांपुढं ताट धरा, बोट लावू द्या, पण जो कुणी घास भरवेल त्याचा हात कोयत्यानं तोडीन, म्हणाली. माझ्या बायकोनं भीतीनं चमचेसुद्धा लपवून ठेवले."

माझा मात्र अजून विश्वास बसेना. चार वर्षांचं भय काही एका बोटानं पुसत नाही. "मिंदू, उभी राहा. सरळ चाल. आता डोळे मीट, नाकाला बोट लाव." ही आमची घरची तपासणी, आजार चढला की तिचं बोट गालावर जातं. मिंदूनं डोळे मिटले आणि बोट नेमकं नाकाच्या शेंड्यावर टेकवलं. आज बोट लावण्यात तिचा हातच बसला होता ना! जालिनला खाली ठेवलं तर तो दोन पावलं झोपेत अडखळला, आणि मग त्याला लांतिंगचं कुत्रं दिसलं आणि तो त्याच्या मागे सुसाट पळाला.

हुश्श! मी तिथंच चटईवर बसले आणि रडायला लागले, आणि रडता रडता हसायला. ओसरीभर लोक जमलेले, मला त्याचं काही वाटलं नाही. माझी पोरं बावीस घरं फिरून आली होती आणि धडधाकट होती. बावीस ताटं त्यांच्यापुढं आली आणि त्यांतल्या एकानंही त्यांना मारलं नाही. मला किती हलकं वाटलं, कसं सांगू! सहा वर्षांत मी पहिल्यांदा पाठ टेकून बसले असेन.

"चुकलं माझं इनी," मी म्हटलं. "म्हातारे म्हणाले मी तुम्हाला."

"म्हातारी आहेच की. चुकलं ते माझं. तेव्हा चुकलं." मग दुसरीकडं बघत ती म्हणाली, "मला वाटायचं पुनी मारते. मी पोरीला पुनीपासून वाचवत होते गं. आणि मीच..." मी तिचा हात धरला.

लांतिंगचं ताट तिथंच होतं. इनीनं ते माझ्यापुढं सरकवलं. "आता बोट तरी लाव. उद्या लांब जायचंय तुला."

"बोट कशाला लावू? मला काय आजार झालाय?" मी पेन्यारम उचलला आणि अख्खा तोंडात घातला. मग दुसरा. मग तिसरा. गूळ ओठांवरून ओघळला, चार वर्षांचा उपास होता तो. बायका हसायला लागल्या. शेजारची पानवाली म्हातारी म्हणाली, "अगं, आमच्यासाठी ठेव की दोन!"

जाराव सेल घेऊन आला तेव्हा मला खाताना बघून दारातच थिजला. "काय झालं?"

"काही झालं नाही," मी भरल्या तोंडानं म्हटलं. "हेच झालं." रताळ्याचं वजन मग इनीनं केलं. काट्यावरचे आकडे तिला नीट दिसत नव्हते, मिंदू वाचून दाखवत होती. दोन ग्रॅम जास्त झालं म्हणून इनीनं रताळ्याचा तुकडा कापला, पुन्हा ठेवला, पुन्हा चिमूटभर कापला. माझ्यापेक्षा कडक निघाली बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना सामान गाडीत भरलं. इनी आणि शेजारपाजारचे जिन्यापाशी उभे. पोरांची निघायच्या आधीची दुधाची वेळ झालेली. मिंदूनं आपल्या बाटलीतलं थोडं दूध झाकणात ओतलं आणि दोन्ही हातांनी इनीपुढं धरलं.

"इनी, घे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ती भुकटी किती जपून वापरावी लागते ते मला ठाऊक. पण माझ्या पोरीनं आजवर कुणाला काही खाऊ दिलेला नव्हता. देण्यासारखं तिच्यापाशी होतंच काय? शाळेत डबा वाटून खातात तेव्हा ही आपला डबा झाकून बसते.

इनीनं बोट पुढं केलं, मग मागे घेतलं. झाकण हातात घेऊन तिनं ते एका दमात पिऊन टाकलं. तिचं तोंड असं वाकडं झालं की जालिन खदखदून हसला.

"हे तू रोज पितेस?" तिनं विचारलं.

"पाच वेळा," मिंदू म्हणाली.

इनीनं झाकण तिच्या हातात परत दिलं. मग लांतिंग पुढं आला, "मलाही विचार की गं, मला काय पुनी लागू देतेस?" मिंदूनं त्याच्यापुढं झाकण धरलं, त्यानं तळाशी बोट फिरवून ओठाला लावलं. त्याच्यामागे पानवाली म्हातारी. तिच्यामागे सातव्या दाराची, चौदाव्या दाराची माणसं. मिंदू प्रत्येकाला वाकून "घ्या, घ्या" म्हणत होती, अगदी घरच्या यजमानिणीसारखी, आणि रांग ओसरीत आतपर्यंत गेली होती. जारावनं घड्याळ दाखवलं. मी म्हटलं, "थांब जरा. रांगेतली माणसं अजून राहिलीत."